हमीदभाईंचं माप, बाळ्याचं खोबरेल आणि माझा शॉकप

अख्ख्या श्रीवर्धन तालुक्यात मोटारसायकलचे पुढचे शॉकप माझ्याएवढे कोणी उघडले नसतील. छातीवर हात ठेवून सांगतो. बंद किती केले, ते मात्र विचारू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या पुढच्या चाकाला धरून दोन पाय असतात. वर चकचकीत पाइप, खाली जाड नळकांडं, आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की पाय दुमडतात आणि तेल धक्का गिळतं. तेल बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी रबराचं कडं असतं, ते ऑइल सील. आमच्याकडे हवा खारी. पाइपाला गंज धरतो, गंज सीलला फाडतो, तेल गळतं. झालं शास्त्र. मी शाळेत चौथी दोनदा केली आणि पाचवी दोनदा, म्हणजे हिशेबानं सातवी पास. यापेक्षा जास्त शास्त्र माझ्याकडे नाही.

पण एक सांगतो. शॉकप उघडला की तेल वाटीभर निघतं आणि किस्से घागरभर. तेल फेकून देता येतं. किस्से कुठं फेकणार? ते साठत जातात. म्हटलं लिहून काढू, त्या निमित्तानं माझ्यावर किती अन्याय झालाय तेही लोकांना कळेल.

आमची मंडळी तिघांची. जागा माझ्या घराची पडवी. मी रघू, जन्मभर वाड्यांमधले विहिरीवरचे पंप दुरुस्त केले. दुसरे हमीदभाई, तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते, आता घरी असतात आणि दर दोन वाक्यांनी जहाजावर चढतात. तिसरा बाळ्या. नारळ-सुपारीची वाडी, मोठं पोट, आणि वस्तू विकत आणायला नको म्हणून काहीही करायची तयारी.

आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला सुपाऱ्या सोलत बसलेली आमची सुमन. ती मंडळीत नाही. पण ऐकते सगळं.

*

सगळं सुरू झालं गेल्या माघी गणपतीला.

सुमनचं माहेर पालीचं. लग्न झाल्यापासून माघीला आम्ही दोघं पालीला जातो, गाडी घेतल्यापासून गाडीवरून. गेल्या वर्षीही निघालो. माणगावच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. गतिरोधक कसला, झोपलेला रेडा! तिथं गाडीनं पुढं अशी मान टाकली की सुमन शीटवरून घसरली आणि रस्त्यावर बसली. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं. पण भावासाठी केलेले नारळाचे लाडू रस्ताभर पसरले.

ती उठली. पातळ झटकलं. मागून येणाऱ्या सहा शिटर रिक्षाला हात केला आणि बसताना एकच वाक्य बोलली, "तुमच्या मागं मी आता बसणार न्हाय."

मी पालीला एकटा पोचलो. मेव्हण्यानं दारातच विचारलं, "भावजी, ताईला कुठं सांडली?"

तेव्हापासून वर्षभर हेच. बाजार, लग्न, बारसं, काही असो. मी गाडीवर पुढं, बायको रिक्षानं मागं. गावातली पोरं विचारायची, "रघूकाका, मागची शीट भाड्यानं देणार का?" चहाच्या टपरीवाल्यानं तर मला बघून दोन कप भरायचं सोडून दिलं. पाहुणे उलट मलाच सांगायचे, "अरे, तिला जरा गाडीवर बसवत जा की!" चाळीस वर्षांचा संसार आणि मी गावभर रिकाम्या शीटनं हिंडतोय!

सगळा दोष त्या शॉकपचा. पाइपावर तेलाचा ओघळ मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. मी पडवीत जाहीर केलं, "पुढच्या माघीच्या आत शॉकप असा करीन की सुमन स्वतःहून मागं येऊन बसेल."

पडवीच्या टोकाला सुपारी कट्‌ करून फुटली.

*

सील आणायला तालुक्याला गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच त्याला प्रसिद्धी कशाला.

"शॉकपचे सील द्या. ओरिजनल."

"आपल्याकडे दुसरा मालच नसतो," असं म्हणत त्यानं खोक्यातून दोन सील काढले. साध्या पिशवीत. मी म्हटलं, "याच्यावर ओरिजनल कुठं लिहिलंय?"

त्यानं खण उघडला. आत स्टिकरचं हे एवढं भेंडोळं! त्यातले दोन सोलले, माझ्या डोळ्यांदेखत पिशवीवर चिकटवले आणि म्हणाला, "घ्या. सांगायचं ना आधी."

मी विचारलं, "आणि दोन दिवसांत गळले तर?"

"तर परत या. दुसरे ओरिजनल देतो."

घरी येऊन मी तासभर त्याच्या नावानं बोटं मोडली. बाळ्या मात्र त्या पिशवीकडे बघत राहिला होता. शेवटी म्हणाला, "रघ्या, स्टिकर चांगला चिकटलाय पण. सुटत न्हाय."

*

सील बसले. आता तेल.

शॉकपात तेल मोजून घालायचं असतं. दोन्ही पायांत सारखं. हमीदभाईंनी त्यासाठी औषधाची मापाची बाटली आणली, पडवीतली जमीन सपाट नाही म्हणून खाली पुठ्ठा घातला, डोळ्याला चष्मा, चष्म्यावर भिंग. "जहाजावर एक थेंब इकडचा तिकडं झाला तर चीफ विंजिनेर जेवायला देत नसे."

"मग तुम्ही एवढे बारीक कसे राहिलात ते कळलं," मी म्हणालो.

त्यांनी माप भरून माझ्याकडे दिलं. मी ओतलं. मी त्यांना बाळ्याच्या लग्नातली गंमत सांगत होतो, मुंडावळ्यांना मी लवंगी फटाक्यांची माळ कशी बांधली होती ती. त्यांनी दुसरं माप दिलं. मी ओतलं. गंमत संपली, टोपणं लावली, चाक चढवलं.

बाळ्या तेवढ्यात आला. भाचीच्या साखरपुड्याला निघालेला, पांढराशुभ्र शर्ट. मी म्हटलं, "वजनदार माणूस हवाच होता. ब्रेक धर आणि हँडल दाब."

बाळ्यानं सगळं पोट हँडलवर टाकलं. डावा शॉकप खडखडत तळाला गेला. उजवा मध्येच अडला, फुगला आणि फस्सकन त्याचं नवं सील उडून वर आलं. मागून तेलाचं कारंजं! बाळ्याचा शर्ट गळ्यापासून बेंबीपर्यंत पिवळाधम्मक.

एका पायात दोन मापं गेली होती आणि दुसरा कोरडा ठाक.

"ओतलं कोणी?" हमीदभाई.

"दोन मापं दिली कोणी?" मी.

"दोन पायांना दोन दिली, मियाँ!"

"मग कुठला पाय ते सांगायला नको?"

आमचं पाच मिनिटं असं चाललं. बाळ्या तसाच उभा. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "तुमचं भांडण झालं की सांगा. माझं तेल किती किलोमीटरनी बदलायचं तेवढं विचारून मी साखरपुड्याला जातो."

त्या दिवशी सुमन पडवीत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. माझ्या गाडीला, हे लक्षात घ्या! बाळ्याच्या शर्टाला नाही.

*

मे महिन्यात पर्यटक येतात. दिवेआगरला घराघरांत पाहुणे ठेवतात, त्यांच्यापैकी एक जण मोठी धूड गाडी ढकलत माझ्याकडे आला. शॉकप जाम. वाकेना, उठेना. पाइपाला वाळू चिकटलेली, वाळूला शंखाचे तुकडे.

"काय केलंस रे बाबा?"

"काही नाही अंकल. थोडी पाण्यात घेतली होती. व्हिडिओसाठी."

"विहिरीच्या?"

"नाही, समुद्राच्या."

संताप संताप झाला माझा. आम्ही खाऱ्या हवेपासून गाडी वाचवायला रोज पाइप पुसतो, पावसाळ्यात गाडीला गोणपाट गुंडाळतो, आणि हा गडी गाडीला समुद्रस्नान घालतो!

"अंकल, ती ऑफ-रोड बाइक आहे," तो मला समजावायला लागला.

बाळ्या म्हणाला, "अरे पण रोड सोडायचा म्हंजे देश सोडायचा काय?"

मी शॉकप उघडायला घेतला तर त्यानं मोबाइल काढून माझं शूटिंग सुरू केलं. "अंकल, तुमच्याकडे टॉर्क रेंच आहे ना? नट किती आवळायचा ते बरोबर समजतं."

"आहे की." मी बाळ्याकडे बोट दाखवलं. "हा आवळतो. याच्या कपाळावरची शीर दिसली की थांबायचं."

त्यानं तेही शूट केलं. आत काय होतं? तेलाऐवजी समुद्राचं पाणी आणि एक जिवंत खुबडी, शंखातली गोगलगाय. खोटं वाटेल, बाळ्याला विचारा. आम्ही सगळं डिझेलनं धुतलं, गंज घासला, तेल घातलं. शॉकप लोण्यासारखा झाला.

तो खूश झाला. दोन्ही हात जोडले. म्हणाला, "अंकल, आता सहा वाजता भरती आहे ना? एक टेक राहिलाय."

*

आता बाळ्याची कथा. ही ऐकून तुम्हाला माझं दुःख कळेल, कारण अशा माणसाबरोबर मला काम करावं लागतं.

नवरात्रात बाळ्याच्या गाडीचा शॉकप गळायला लागला. सील त्यानं स्वतःच बसवलं. मग तेलाला निघायच्या ऐवजी घरात गेला आणि लाकडी घाण्यावरचं, घरच्या नारळाचं खोबरेल घेऊन आला.

हमीदभाई किंचाळले, "अरे, ते डोक्याला लावायचं!"

"तेल ते तेल," बाळ्या म्हणाला. "आणि हे शुद्ध हाय. तुमच्या डब्यात काय असतं कुणी बघितलंय?"

ऑक्टोबरचं ऊन. खोबरेल पातळ पाण्यासारखं. गाडी अशी चालली, अशी चालली की बाळ्या गावभर सांगत सुटला. गरम झाली की सुवाससुद्धा यायचा. दोघांतिघांनी येऊन विचारलं, "काका, आमच्याही गाडीत घालायचं का?" माझ्या शॉकपचं तेल दर महिन्याला गळतंय आणि बाळ्याचा सत्कार व्हायची वेळ आली! मला झोप लागेना.

मग आला पौष.

सकाळी सातला बाळ्या म्हसळ्याला निघाला. खोबरेल थंडीत थिजतं हे आमच्याकडे तान्ह्या बाळालाही माहीत आहे. बाळ्याच्या बायकोनं त्याच सकाळी डोक्याला लावायची बाटली उन्हात ठेवली होती. बाळ्या त्याच बाटलीशेजारून गाडी काढून गेला!

अर्ध्या तासात परत आला, चालत, गाडी धरून.

"काय झालं रे?"

"रघ्या, गाडी न्हाय ती. पहार हाय. पहारेवर बसून गेलो व्हतो. एक एक खडा दाढेत वाजला."

आत खोबरेलाची वडी झाली होती. मी त्याच्या घरच्या बंबातलं पाणी काढून शॉकपावर ओतायला लागलो तर बाळ्याची बायको धावत आली, "अवो, माझ्या आंघोळीचं पानी गाडीला कशाला?"

एवढं होऊनही माणूस तेल बदलेल की नाही? नाही! त्यानं गाडी उन्हात लावली आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. संक्रांतीपर्यंत हेच. कुणी विचारलं, "बाळूशेठ, निघालात का?" की उत्तर यायचं, "थांब, अजून वितळला न्हाय."

शेवटी त्याच्या गाडीला मुंग्या लागल्या. मग बदललं.

*

आता इथं मी एक चूक केली. चूक म्हणजे लोक म्हणतात. मी गंमत म्हणतो.

हमीदभाईंनी स्वतःच्या गाडीचा शॉकप नवा केला होता. जहाजावरच्या पद्धतीनं. पाइप आरशासारखा. ते रोज सकाळी चहा पिऊन पांढऱ्या फडक्यानं पाइप पुसायचे, फडकं उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बघ. एक डाग न्हाय."

हे मला सहन होण्यासारखं होतं का? तुम्हीच सांगा.

मी रोज सकाळी त्यांच्या अंगणावरून दूध आणायला जातो. जाता जाता एक बोट तेल पाइपाला लावलं. बस, एक बोट.

पहिल्या दिवशी त्यांनी फडकं बघितलं आणि चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी भिंग आणलं. तिसऱ्या दिवशी शॉकप उघडला, नवं सील घातलं. चौथ्या दिवशी मी पुन्हा बोट लावलं. आठ दिवसांत त्या माणसानं तीनदा शॉकप उघडला! जेवण सुटलं. जहाजाचं नाव काढेनासे झाले. मी शेजारी बसून मान हलवायचो, "कलियुगाचे सील, हमीदभाई. काही खरं नाही."

नवव्या दिवशी त्यांनी फडकं नाकाला लावलं.

"रघू, शॉकपच्या तेलाला असा वास नसतो. हे खोबरेल हाय."

मी म्हटलं, "म्हणजे बाळ्या! बघा, मी म्हणत नव्हतो?"

हमीदभाई तडक बाळ्याकडे गेले. मी मागून, मजा बघायला. बाळ्या उन्हात खुर्ची टाकून बसला होता. तो शपथेवर सांगू लागला, देवळात चला म्हणाला, मशिदीत चला म्हणाला. दोघांचा आवाज पार बंदरापर्यंत. मी मध्ये पडून दोघांना समजावत होतो, इतकं छान चाललं होतं!

आणि हमीदभाई एकदम थांबले. माझ्याजवळ आले. माझं डोकं हुंगलं.

"बाळ्याचं खोबरेल घाण्याचं. ह्याला बाटलीतल्या मोगऱ्याचा वास हाय. आणि आख्ख्या गावात मोगऱ्याचं तेल लावणारा टकला एकच हाय."

दुसऱ्या दिवसापासून हमीदभाई पडवीत यायचे बंद झाले. एका बोटाच्या तेलावरून! पन्नास वर्षांची दोस्ती!

*

आता माझी पंचाईत बघा. माघीला पंधरा दिवस. माझी गाडी पडवीत ठोकळ्यावर, पुढचं चाक नाही, दोन्ही शॉकप उघडे, भाग वर्तमानपत्रावर मांडलेले. आणि खरं सांगायचं तर हमीदभाईंशिवाय ते बंद करणारं कोणी नाही. बाळ्या होता. पण बाळ्या तेलाचा डबा घेऊन आला तेव्हा मी आधी झाकण उघडून वास घेतला.

सुमन जाता-येता त्या भागांकडे बघायची. एकदा म्हणाली, "दादाचा फोन आला व्हता. विचारत व्हता, रिक्षानं येणार की कशी."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, बघू."

बघू! वर्षभरात पहिल्यांदा ती "रिक्षानं" म्हणाली नव्हती. मी टोपी घातली आणि हमीदभाईंकडे गेलो.

झुबेदाभाभींनी दार उघडलं. आतून आवाज आला, "कोण हाय?"

"मोगरा," मी म्हणालो.

मग भाभीच हसल्या आणि आतूनही खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हमीदभाई बाहेर आले, पण तोंड चीफ विंजिनेरचं.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे वाक्य भाभींनी ऐकलं आणि खुर्चीत बसून घेतलं.

"येतो," हमीदभाई म्हणाले. "पण तीन अटी. सील मी आणणार. तेल मी ओतणार. आणि तू गाडीला हात लावायचा न्हाय. तू फक्त डिझेलात भाग धुवायचे आणि तोंड बंद ठेवायचं."

"दोन्ही एकदम कसं जमेल?"

"मग जातो मी आत."

धुतले! काय करणार? माझ्याच पडवीत, माझ्याच गाडीचे भाग मी पाटावर बसून धुतोय आणि हमीदभाई खुर्चीवरून सांगतायत, "कोपऱ्यात राहिलंय." बाळ्या माझ्यावर नजर ठेवायला. मी चार शब्द बोललो की तो हमीदभाईंना सांगायचा, "हा बोलतोय."

पाइप बारीक पॉलिश कागदानं घासले. गंजाचे खड्डे भरून पुन्हा घासले. खालचा बोल्ट फिरत होता, तो आत काठी दाबून धरून आवळला. सील बसवताना हमीदभाईंनी पाइपाच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, कड लागून रबर फाटू नये म्हणून. मग सीलला तेल लावून ते असं हळूच सरकवलं, नवऱ्या मुलीच्या हातात बांगडी चढवावी तसं. तेलाचं माप दोनदा भरलं, आणि पहिलं ओतल्यावर त्या पायाला लाल दोरा बांधला. "जहाजावर असं करत न्हवतो," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "जहाजावर तू न्हवतास."

चार दिवस गाडी उभी ठेवली. बाळ्यानं रोज पोट टाकून दाबली. हमीदभाईंनी रोज फडकं फिरवलं आणि मला तोपर्यंत दहा पावलं लांब उभं केलं. कैद्यासारखं!

फडकं कोरडं.

*

माघीची सकाळ. गाडी धुऊन पुसून दारात. शीटवर मी नवा टॉवेल घातला. हमीदभाई आणि बाळ्या मुद्दाम आलेले, झुबेदाभाभींनी सुमनच्या भावासाठी खांडवीचा डबा पाठवलेला. समोर टपरीवर सात-आठ जण चहा हातात धरून थांबलेले. मी हेल्मेट काखेत घेऊन उभा, लग्नात उभा राहिलो होतो तसा.

सुमन बाहेर आली. जांभळं पातळ, केसात अबोली. सरळ गाडीपाशी गेली. मला वाटलं बसते.

तिनं पदर खोचला. दोन्ही हातांनी हँडल धरलं, पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी तीन वेळा दाबली. खाली गेली, वर आली, डुचमळली नाही. मग वाकून डाव्या पाइपावर बोट फिरवलं, उजव्या पाइपावर फिरवलं, बोट नाकाला लावलं. वर्षभर सुपारी सोलता सोलता बाईनं सगळी विद्या उचलली होती!

"एक नंबर झालंय हमीदभाई," ती म्हणाली.

हमीदभाईंनी छातीवर हात ठेवला. बाळ्यानं टाळी वाजवली. टपरीवरून कोणीतरी शिट्टी मारली. मी गाडीवर टांग टाकली, किक मारली आणि ऐटीत मागं न बघता म्हणालो, "बसा!"

शीट हललीच नाही.

बघतो तर सुमन खांडवीचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी, आणि समोरून येणाऱ्या सहा शिटर रिक्षाला हात दाखवतेय!

माझं डोकंच फिरलं. गाडी बंद केली आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "अगं, वर्ष घातलं मी या शॉकपामागं! फसवे सील सोसले, बाळ्याला सोसला, ह्या हमीदभाईंच्या हाताखाली डिझेलात हात सडवले! तू स्वतः दाबून बघितलास ना आत्ता? बरोबर झालाय म्हणालीस ना? मग आता कसली भीती?"

रिक्षा थांबली. सुमननं डबा आत ठेवला, एक पाय वर टाकला आणि वळून म्हणाली,

"शॉकप झाला वो बरोबर. पण मी किंचाळावं म्हणून दर गतिरोधकावर मुद्दाम ब्रेक दाबणारा हात हाय तुमचा, तो कुठल्या तेलात बुडवणार हाय तुमी?"